पाठीखालची जागा

९ जानेवारी

भाऊजी,

त्या सकाळी मी दूध तापत ठेवून अंथरुणं काढत होते. उशांचे अभ्रे धुवायला टाकायचे होते, पिंप भरायचं होतं, आणि वाचनालयाचं पुस्तक परत द्यायची मुदत संपत होती म्हणून ते विसरू नये असं चपलांवरच ठेवलं होतं. तेवढ्यात शेडमधून यांची हाक आली, "अगं, पीठ मळायला ये."

मी म्हटलं, आता कुठलं पीठ? जाऊन बघते तर हे उघड्या अंगाने उभे, पाठीला तेल चोपडलेलं, जमिनीवर लाकडी फळ्यांचा एक उथळ खोका आणि शेजारी प्लास्टरची फोडलेली गोणी. "सीटसाठी पाठीचा साचा घ्यायचाय," म्हणाले. "मी यात झोपणार. मळायचं आणि झोपायचं, दोन्ही मला एकदम जमणार नाही."

मी मळलं. गुठळ्या राहिल्या म्हणून बोलणी खाल्ली. मग हे त्या ओल्या लगद्यात पाठ टेकून पडले, गुडघे वर, हात पोटावर. प्लास्टर सुकताना तापतं हे मला तेव्हा कळलं. "ताप आलेल्या माणसाशेजारी झोपल्यासारखं वाटतंय," म्हणाले. "आता मला बोलायला लावू नकोस. हलायचं नाही, हसायचं नाही." आणि नेमका त्याच वेळी शेजारचा वेल्डर भिंतीवरून डोकावला. "वहिनी, उस्तादांना जिवंतच पुरताय काय?"

यांनी हसू दाबलं, पण बरगड्या हलल्याच. उठल्यावर बघितलं तर सगळी पाठ लख्ख उमटलेली आणि कमरेच्या वर डाव्या अंगाला एक बारीक उंचवट्याची रेघ, साय जमताना भांडं हलल्यासारखी. हे वेल्डरला शिव्या देत होते आणि तो भिंतीपलीकडे आणखी हसत होता. दूध उतू गेलेलं मला दुपारी दिसलं.

तुम्ही विचारलंत म्हणून हे सगळं लिहिलं. तुमचे दादा बाजारात छातीत कळ येऊन पडले आणि गेले, ते त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी. वेल्डर त्या थट्टेबद्दल आजवर एक शब्द बोललेला नाही. मीही नाही.

त्यांची ती टेकून चालवायची आडवी सायकल आहे तशी आहे. चौकट अर्धी जोडलेली, मागचं चाक बसवलेलं, पुढचं भिंतीला टेकवलेलं. साचा खोक्यातच आहे. त्यावर मी धूळ बसू देत नाही. वर्ष होऊन गेलं, आणि तुम्ही आत्ताच का विचारलंत ते मला कळलं नाही. काही हवं असेल तर पत्राने कळवा. येण्याची तसदी घेऊ नका.

वहिनी

२१ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दादाचा आवाज ऐकल्यासारखा वाटला. "पीठ मळायला ये" हे तर अगदी तोच.

का विचारलं याचं उत्तर सरळ आहे. मला ती सायकल पुरी झालेली हवी आहे. मी चालवणार. तिची चित्रं आम्ही दोघांनी मिळून केली होती. मी इथे ड्रॉइंगच्या बोर्डावर रेघा ओढायच्या आणि त्याने तिथे त्या खोडायच्या, असा आमचा पत्रांचा धंदा दोन वर्षं चालला होता. तुम्हाला वाटायचं आम्ही घरातल्या गोष्टी लिहितो.

साच्यावर त्याचा एवढा जीव का होता ते लिहितो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. साध्या सायकलीवर माणूस अंगाच्या वजनाने पायडल दाबतो. आडव्या सायकलीवर पाय पुढे असतात, वजन कामाला येत नाही. कपाट सरकवताना आपण भिंतीला पाठ लावतो ना, तसं मागे काहीतरी घट्ट लागतं. ते जर गादीचं असलं तर पायाचा निम्मा जोर गादीच खाते. म्हणून टणक सीट हवी. टणक सीट अंगाला टोचते, अंगाच्या घडीघडीत बसली नाही तर. "आराम आणि वेग या सासू-सुना आहेत," दादा म्हणायचा, "एका छपराखाली नांदवायच्या असतील तर घरच मापात बांधायला हवं." ते घर म्हणजे तो साचा. त्यात मेण फासून फायबरचं कापड आणि डिंकासारखं रेझिन थरावर थर घालायचे, की सीट तयार. साच्याला काही होत नाही.

माझ्या मापाची काळजी करू नका. भिंतीला पाठ लावून, पाय सरळ करून, भिंतीपासून टाचेपर्यंत मोजलं. दादाचं आणि माझं माप एकच आहे. पाठीही एकाच कारखान्यातून निघालेल्या. आई मागून हाक मारायची ती नेहमी चुकीच्या मुलाला.

एक मात्र करा. ती जी हसण्याची रेघ आहे, ती कानशीने घासून टाका. दोऱ्याएवढी असली तरी पाठ त्यावर सगळा जोर देणार. तासाभरात ती सुरीसारखी लागेल.

चौकटीची चित्रं सोबत पाठवतो. वेल्डरला दाखवा.

तुमचा धाकटा दीर

६ फेब्रुवारी

भाऊजी,

वेल्डरने चित्रं उलटी धरून बघितली, मग सुलटी, मग म्हणाला, "वहिनी, ही सायकल आहे की खाट?" मी म्हटलं, जोडून द्यायची की नाही तेवढं बोला. म्हणाला, "जोडतो हो. गादी घालणार असाल तर मीच विकत घेतो." पण काम मन लावून केलं. पैसे विचारले तर भिंतीपलीकडे निघून गेला.

पायडल सीटपेक्षा किती वर ठेवायची यावर तुमच्या चित्रात दोन आकडे आहेत, एक खोडलेला, एक खोडलेल्यावर पुन्हा लिहिलेला. यांनी खोडला असणार. मी वाचनालयातून शरीराच्या रचनेचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. पाय हृदयाच्या वर फार वेळ राहिले की रक्त पोचायला कुरकुर करतं, एवढं त्यातून समजलं. पण पुस्तकात सायकल नव्हती. म्हणून मी पलंगावर टेकून, पाय खुर्चीवर ठेवून वाचत बसले. मग खुर्चीवर एक उशी ठेवून. मग दोन. दोन उशांना पुस्तकाचं प्रकरण संपायच्या आत अंगठ्यांना मुंग्या आल्या. म्हणून एका उशीइतकं वर ठेवायला सांगितलं. वेल्डर म्हणाला, "इंच ऐकलेत, सेंटिमीटर ऐकलेत. उशी हे माप पहिल्यांदाच."

चेन तीन सायकलींच्या जोडून एक केली. सीटखालून जाते, मध्ये कप्पी लावली आहे. पायडल हाताने फिरवलं की शेडमध्ये बारीक टकटक होते, मग हात काढला तरी चाक बराच वेळ बोलत राहतं.

रेघेचं काम झालं.

आता एक विचारते, हसू नका. साचा रोज सकाळी ओला असतो. सगळा नाही. खांद्याच्या फऱ्यांच्या जागी दोन मोठे डाग, आणि मणक्याच्या ओळीने खालपर्यंत एक पट्टा. कुणी घामेजलेला माणूस आत्ताच उठून गेल्यासारखा. दुपारपर्यंत वाळतो. मी छप्पर तपासलं, कुठे गळत नाही. रात्री वरून चादर घातली तर सकाळी चादरीला आतून तसेच डाग. चादर मी धुतली नाही, घडी करून ठेवली आहे. तुम्ही मापाची माणसं, तुम्हाला कारण माहीत असेल.

वहिनी

१७ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत लिहितो. प्लास्टर हवेतलं पाणी ओढतं. दादाच्या पाठीचा घाम आणि त्यातलं मीठ जिथे जास्त मुरलं तिथे पाणी जास्त ओढलं जाणार. पाठ जिथे जास्त टेकली तिथेच. एवढंच कारण आहे. घाबरू नका.

सीटचा कल बदलायचा आहे. दादाने चाळीस अंश ठरवला होता, तो पंचवीस करा. जास्त आडवा. वारा कमी लागतो. वेल्डरला सांगा, मागचे दोन आधार तोडून आखूड करायचे, बाकी काही नाही. हँडल सीटखाली आहे तेच बरं, हात लोंबते राहतील.

लवकर झालं तर बरं. किती लवकर होईल ते कळवा.

धाकटा

२५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र पेन्सिलीने लिहिलेलं, ओळी उताराला लागलेल्या, अर्धी अक्षरं पुसट. किराणा दुकानदाराला यादी पाठवल्यासारखं. मी शाळेत फार गेले नाही, पण पत्र कसं लिहायचं ते मला माहीत आहे, आणि तुमचं अक्षर तर छापल्यासारखं असतं हेही माहीत आहे.

प्लास्टरचं कारण पटलं. घाबरू नका असं का लिहिलंत? मी घाबरले असं मी कुठे म्हटलं होतं? मी रोज सकाळी दार उघडते तेव्हा तो ओला आहे ना, एवढं बघते. ज्या दिवशी कमी ओला असतो त्या दिवशी मला चहा गोड लागत नाही. याला तुमच्याकडे कारण असेल तर तेही नको.

कलाबद्दल सांगते. चाळीस अंश मी ठरवला होता. यांनी शेडमध्ये फळी टेकवून टेकवून मला विचारलं होतं, "इथून काय दिसतं?" मी शेजारी खुर्चीवर बसायची आणि हे टेकून म्हणायचे, "तुझा चेहरा दिसतो. आता? आता नुसती हनुवटी. आता छताचे पत्रे." चाळीसला चेहरा दिसत होता. "रस्त्यावरची माणसं दिसली पाहिजेत," म्हणाले, "नाहीतर सायकल कशाला, खाटेवरच पडतो." पाठीच्या दुखण्याने साधी सायकल सुटली होती, म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्यांना वारा कापायचा नव्हता. तुम्हाला शर्यतीचा घोडा हवा असेल तर तो दुसरीकडे बनवून घ्या.

वेल्डरला मी काही सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात फायबर घालायचं ठरवलं होतं, ते थांबवते.

वहिनी

१४ मार्च

भाऊजी,

उत्तर नाही. पेन्सिलीने लिहिलंत तरी चालेल.

वहिनी

२२ मार्च

वहिनी,

हेही पेन्सिलीनेच आहे. माफ करा. उताण्या माणसाला पेन चालत नाही. शाई निबाकडे यायला खाली उतरावी लागते, आणि माझा कागद माझ्या डोक्यावर आहे. ड्रॉइंगचा छोटा बोर्ड दोन दोऱ्यांनी पलंगाच्या वर टांगून घेतला आहे. हात दुखला की थांबतो, म्हणून ओळी उतरतात.

डिसेंबरपासून पाठ गेली आहे. दादाची होती तीच, पण जास्त. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा अजून थोडा वेळ टेबलाशी बसता येत होतं. आता डॉक्टर म्हणतात उभे राहा, थोडं चाला, पडून राहा. पण ताठ बसू नका. टेकून बसायचं तर पंचवीस अंशांच्या वर नाही. म्हणून पंचवीस. वाऱ्याचं मी खोटं लिहिलं. वाऱ्याशी माझं भांडण नाही.

ऑफिसातलं माझं नकाशे काढायचं काम बोर्डाशी उभ्यानेच असतं, ते मला करता येईल. प्रश्न तिथे पोचण्याचा आहे. चालत जाण्याइतकं ऑफिस जवळ नाही, आणि बसमध्ये उभं राहिलो की एकेक धक्का पायापर्यंत जातो. साहेबांनी माझा बोर्ड अजून दुसऱ्याला दिलेला नाही. पावसाळ्यापर्यंत थांबतो म्हणाले आहेत. त्यानंतर त्यांचाही इलाज नाही. मी छताला बारकाईने ओळखू लागलो आहे, वहिनी. पूर्वेच्या कोपऱ्यात एक डाग आहे, त्याचाही मी नकाशा काढला.

हे आधी लिहिलं नाही कारण तुम्ही त्या घरात एक पाठ चोळता चोळता बारा वर्षं काढलीत. दुसरी कशाला. आणि दुसरं कारणही आहे. ते लिहायला धीर होत नव्हता, पण आता लिहितो. अंत्यसंस्काराच्या दिवसापासून तुम्ही मला एकदाही या म्हटलं नाहीत. जानेवारीच्या पत्रातही "येण्याची तसदी घेऊ नका." सायकल लवकर पुरी कर म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. तो थकला, आणि तुम्ही मला धरलंत, असं मी समजून आहे. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही.

आता कामाचं. डॉक्टरांच्या बोलण्यावरून वाटलं, माझी पाठ दादासारखी राहिली नसेल. म्हणून माप घेतलं. शिशाची तार पाठीवर दाबायची, ती वाकते तशीच राहते, मग कागदावर ठेवून कड गिरवायची. मी कुशीवर पडलो आणि घरमालकीणबाईंनी तार दाबली. त्या पूर्ण वेळ बोलत होत्या. "सरळ पडा हो. मी काय रोज पुरुषांच्या पाठी मोजते? आमच्या यांची पाठ मला अजून माहीत नाही, सदा भिंतीकडे असते." रेघ गिरवताना त्यांचा हात हलला, तिथे मी फुली केली आहे. कागद सोबत आहे. पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि साच्यात उभा धरून बघा. बसला तर उत्तम.

नाही बसला तर साचा घासावा लागेल. पण तसं असेल तर आधी त्यात तेल लावून प्लास्टर ओता आणि दादाची पाठ उचलून ठेवा. ती तुमच्याकडे राहील. मग साच्याचं काय वाटेल ते करा. किंवा काहीच करू नका. हेही मी मनापासून लिहितो आहे. सायकल नाही झाली तर मी तुम्हाला शब्दाने बोलणार नाही.

तुमचा धाकटा दीर

३ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र दुपारी आलं. दारातच वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं, मग वेल्डरला हाक मारून सांगितलं की मागचे आधार तोडायचे, पंचवीस अंश. त्याने या वेळी थट्टा केली नाही. माझं तोंड बघून असेल.

आधी तुमच्या दुसऱ्या कारणाचं उत्तर देते. तुम्ही सायकलीच्या मागे लागलात म्हणून ते गेले असं माझ्या मनातही आलेलं नाही. त्या महिन्यांत मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही नाही पाहिलं. गोष्ट वेगळी आहे. अंत्यसंस्कार करून सगळे परत आले, तेव्हा तुम्ही शेडच्या दारात बाहेर बघत उभे होतात. पाठमोरे. मी स्वयंपाकघरातून आले आणि मला वाटलं, झालं, हेच परत आले, आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलं. मी हाक मारली. यांना मारायचे तीच. तुम्ही ऐकलं नाहीत, कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. मग तुम्ही वळलात. तो वळण्याचा क्षण मला पुन्हा नको होता, भाऊजी. तुमचा चेहरा मला काही करत नाही. तुमच्या पाठीची धास्ती होती. तुम्ही आलात की कधी ना कधी पाठ फिरवणार. माणूस सारखा तोंड समोर करून थोडाच वावरतो?

आणि घरात एक पाठ होतीच. रोज सकाळी ओली होणारी.

आता पुठ्ठ्याचं. मी तुमचा कागद चिकटवला, शिवणाच्या कात्रीने कापला, घरमालकीणबाईंचा हात हलला ती फुली सोडून. साच्यासमोर बसले आणि तो कमरेपासून खांद्यापर्यंत उभा धरला. मला खात्री होती की बसणार. तुमच्या आईंना मुलं ओळखता आली नाहीत, मला तरी कुठे आली? पण पुठ्ठा बसला नाही. डुगडुगला. यांच्या कमरेला आत खोल बाक होता, म्हणून साच्यात तिथे टेकाड आहे. तुमची कमर सपाट झाली आहे. पुठ्ठा त्या टेकाडावर चढून बसतो आणि खांदे अधांतरी राहतात. खाली दाबला तर वर उचलतो, वर दाबला तर खाली. मी दोन्ही बाजूंनी दाबून बघितला. उलटा करून बघितला. मग तो मांडीवर घेऊन बसले.

तुम्ही ते नाही. हे वाचून तुम्हाला हसू येईल. तुम्ही ते नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे. मला पुठ्ठ्याने सांगितलं. शेडच्या दारात तुम्ही पुन्हा पाठमोरे उभे राहिलात तर आता मी आधी कमरेकडे बघेन.

तेव्हा टेकाड घासायला हवं होतं. आणि त्या टेकाडाच्या डाव्या अंगावरच ती रेघ. ती मी घासलेली नव्हती. काम झालं असं तुम्हाला लिहिलं, कारण नाही झालं म्हटलं असतं तर तुम्ही का विचारलं असतं. फोटोंत हे सगळीकडे गंभीर आहेत. फोटोवाल्यापुढे त्यांची मान आखडायची. आवाज कुठे धरून ठेवलेला नाही. हसलेले फक्त तिथे आहेत, त्या दोऱ्याएवढ्या जागेत. सकाळी धूळ पुसताना मी तिच्यावरून बोट फिरवते. टोकाला ती जरा दुभंगते. तिथे वेल्डर दुसऱ्यांदा बोलला होता, "हलू नका, माती पडेल."

प्लास्टर ओतून पाठ उचलून ठेवा, असं तुम्ही लिहिलंत. चांगल्या मनाने लिहिलंत. मी तेलाची बाटली हातात घेतलीही होती. मग डोळ्यांपुढे आलं की शेडमध्ये एक पांढरी पाठ पालथी पडलेली आहे, डोकं नाही, हात नाहीत, आणि ती कधी वळणार नाही. मी बाटली ठेवून दिली. पाठ मला नकोच होती, भाऊजी. पाठीखालची जागा हवी होती. ती ओतून निघत नाही.

मग एक केलं. दार लावून घेतलं आणि त्या साच्यात मी स्वतः पडले. वर्षभरात कधी पडले नव्हते. मला तो मोठा होतो. खांदे कुठे टेकतच नाहीत, दोन्ही बाजूंनी हवा राहते. गार होता, आणि थंडी संपली असली तरी ओल होती. ती पोलक्यातून आत आली. वर पत्रे दिसत होते. हनुवटीवरून पत्र्यांपर्यंत नजर नेताना त्यांचे चाळीस, तीस, पंचवीस सगळे अंश आठवले. बराच वेळ ऐकत राहिले. काही ऐकू आलं नाही. चेनसुद्धा गप्प होती.

मग मी तळपाय समोरच्या भिंतीला लावले आणि पायडल मारताना देतात तसा जोर दिला. एकदा हा पाय, एकदा तो. पाठ मागे घट्ट रेटली गेली, कपाट सरकवताना जाते तशी, तुम्ही लिहिलं होतं तसंच. आणि रेघ टोचली. आधी नुसती जाणवली, मग बोचली, मग चांगली दुखली. मी थांबले नाही. घाम येईपर्यंत भिंत ढकलत राहिले. तुम्ही बरोबर होतात. तिच्यावर पाठ देऊन कुणाला फार लांब जाता येणार नाही.

उठले तेव्हा साच्यात माझ्याही घामाचे डाग पडले होते, त्यांच्या डागांच्या आतल्या अंगाला, लहान.

सायकल मी स्वतः घेऊन येईन. वेल्डर गाडीच्या सामानाच्या डब्यात चढवून देतो म्हणाला. दोन चाकांवर तोल धरायला तुम्हाला पहिले काही दिवस कुणीतरी धरावं लागेल, ते काम घरमालकीणबाईंना नको, त्या बोलत राहतील आणि तुम्ही पडाल. सुटताना पाठ टेकवूनच सुटायचं, डोकं उचलून बघायला गेलात की हँडल वळतं. हे यांनी रिकाम्या चौकटीवर बसून मला दाखवलं होतं. मी मागून सीट धरून चालेन. म्हणजे तुमची पाठ मला दिसणारही नाही, सीटच्या आत असेल.

पावसाळ्याच्या आत पोचते. साहेबांना सांगा, बोर्ड दुसऱ्याला देऊ नका.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणखी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं, अंथरुणं काढली, पिंप भरलं. मग शेडमध्ये गेले, कानस घेतली, आणि आधी ती रेघ घासली.

वहिनी